डिकीतला थिनर उतरवा : खाजगी ट्रॅव्हल्सचे मालक आणि पार्सल बुकिंगवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
खाजगी प्रवासी बसमालक, बुकिंग एजंट, ड्रायव्हर आणि क्लीनर मंडळी
माहितीसाठी : परिवहन खात्याची भरारी पथकं

सप्रेम नमस्कार.

रात्रीच्या गाड्या सुटायच्या वेळी पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, कुठल्याही थांब्यावर उभं राहिलं तर डिकीत काय काय चढतं ते दिसतं. कपड्यांचे गठ्ठे, औषधांचे खोके, गाड्यांचे स्पेअर पार्ट, हंगामात आंब्याच्या पेट्या. प्रवासी बसने हा माल न्यावा की नाही, परमिट काय म्हणतं, हा वाद वेगळा आहे. तो इथे काढत नाही. आमचं म्हणणं त्याच गठ्ठ्यांमध्ये सरकवल्या जाणाऱ्या काही थोड्या वस्तूंबद्दल आहे. ‘हार्डवेअर’ अशी पावती फाडलेला थिनरचा (रंग पातळ करायच्या द्रवाचा) डबा, टाकीत पेट्रोल असलेली आडवी घातलेली दुचाकी, डिओ-परफ्यूमचे खोके, मोबाइलचं पार्सल, दिवाळीच्या आधी ‘गिफ्ट आयटम’ म्हणून आलेले फटाके. आम्ही वाहनदुरुस्ती, रसायनांची साठवण आणि अग्निसुरक्षा या कामांतली माणसं आहोत. या वस्तू प्रवासी बसमध्ये घेऊच नका, एवढीच मागणी आहे. ती का आणि कशी पाळायची, ते नीट सांगतो.

आधी थिनरचं बघू, कारण सगळ्यात जास्त तोच येतो. प्रत्येक ज्वलनशील द्रवाचा एक फ्लॅश पॉइंट असतो. म्हणजे असं तापमान, की ज्याला द्रवाच्या वर पेट घेण्याइतकी वाफ जमते. केरोसीन आणि डिझेलचा फ्लॅश पॉइंट ३५ अंशांच्या वर असतो. लाकडाच्या आणि गाड्यांच्या रंगात घालतात त्या एनसी थिनरमध्ये मुख्य घटक बहुधा टोल्युइन असतो, त्याचा ४ अंश. अ‍ॅसिटोनचा शून्याच्या खाली, उणे १८ च्या आसपास. पेट्रोलचा उणे ४० च्या आसपास. याचा सरळ अर्थ असा, की महाबळेश्वरच्या थंडीतही उघड्या थिनरवर पेटणारी वाफ तयार असते. ‘रात्रीची गाडी आहे, गारवा असतो’ हा युक्तिवाद डिझेलच्या बाबतीत थोडाफार चालेल, थिनरच्या बाबतीत अजिबात नाही.

आता हिशोब करू. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडालं की साधारण २३० लिटर वाफ होते. हवेत या वाफेचं प्रमाण १.१ टक्क्यावर गेलं की मिश्रण पेटण्याजोगं होतं. मोठ्या बसची डिकी १० घनमीटर धरा, म्हणजे १०,००० लिटर. त्याचा १.१ टक्का म्हणजे ११० लिटर वाफ, म्हणजेच अर्ध्या लिटरहून कमी द्रव. हा हिशोब रिकाम्या डिकीचा. माल भरलेला असला की मोकळी जागा आणखी कमी. शिवाय टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती वर पसरत नाही, तळाशी साचते. त्यामुळे खालच्या वीतभर थरात पेटण्याजोगं मिश्रण व्हायला पाव लिटर गळतीही पुरते. पाच लिटरच्या डब्यातून एवढं झिरपलं तर उतरवून घेणाऱ्याला डबा हलका झाल्याचं कळणारही नाही.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. प्रमाण ७ टक्क्यांच्या वर गेलं तर मिश्रण इतकं दाट होतं की पेटत नाही. पण मग कुठल्यातरी ढाब्यावर डिकी उघडली जाते, हवा आत शिरते, आणि प्रमाण नेमकं धोक्याच्या पट्ट्यात येतं. तेव्हा दारात वाकून उभा असतो तो क्लीनर.

डबे गळतात कसे? पत्र्याचा दाबून बसवायचा झाकणाचा डबा उभा असेपर्यंत ठीक असतो. डिकीत तो आडवा पडतो, त्यावर चाळीस किलोचा गठ्ठा येतो, पत्र्याची कड चेपते आणि झाकणाला फट पडते. त्यात उन्हाळ्याची भर. थिनर दर अंशाला हजारात साधारण एक भाग फुगतो. सकाळी २० अंशांना काठोकाठ भरलेला २० लिटरचा डबा दुपारी ५० अंशांना गेला की आतल्या द्रवाला ६०० मिलिलिटर जास्तीची जागा हवी असते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात उभ्या गाडीच्या बंद डिकीत पन्नाशी गाठणं काही अवघड नाही. वर मोकळी जागा सोडलेली नसेल तर द्रव झाकणातून वाट काढतो. सुटं थिनर पाण्याच्या बाटलीत ओतून देण्याची पद्धत तर सगळ्यात वाईट. त्या बाटलीचं बूच पाण्यासाठी असतं. थिनरची वाफ ते अडवत नाही. आणि बाटलीवर काहीच लिहिलेलं नसतं.

वाफ जमली तरी ठिणगी हवी. डिकीत ठिणगीची चणचण कधीच नसते. दार उघडलं की लागणारा दिवा आणि त्याचं दारातलं स्विच, ज्याची जोडणी बहुतेक वेळा नंतर कोणीतरी टेप गुंडाळून केलेली असते. चार्जिंग पॉइंटसाठी मागाहून बसवलेला इन्व्हर्टर. बॅटरीचा कप्पा, एसीच्या वायरी, अडकलेल्या ब्रेकने तापलेलं ड्रम, शेजारून जाणारा सायलेन्सरचा पाइप. आणि माणूस. कित्येक गाड्यांत जादा ड्रायव्हर किंवा क्लीनर डिकीतच पथारी टाकून झोपतो. बिडी, काडेपेटी, डासांची कॉइल. वाफ जिथे साचते त्याच तळाशी त्याचं अंथरूण असतं. डिकीत झोपणं बंद करा, ही मागणी थिनर नसला तरी करावी लागेल.

डिकीच्या वर प्रवासी कक्षाची जमीन. ती पुष्कळ बॉड्यांमध्ये प्लायवुडची, वर व्हिनाइल. त्यातून वायरी आणि एसीचे डक्ट वर जातात आणि भोकं बुजवलेली नसतात. धूर त्यातूनच वर येतो, आणि स्लीपरमध्ये पडदे ओढून झोपलेल्या माणसाला तो आधी कळत नाही. इंजिनकक्षात आग ओळखून विझवणारी यंत्रणा नव्या गाड्यांना एआयएस-१३५ या वाहन मानकाप्रमाणे येते. ती इंजिनासाठी आहे, डिकीत काय पेटलंय ते तिला कळत नाही. यंत्रणा बसवली म्हणून निर्धास्त राहणाऱ्या मालकांनी हे एकदा बॉडीबिल्डरकडून समजून घ्यावं.

नाशिकला ८ ऑक्टोबर २०२२ ला आणि समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला ज्या बस पेटल्या, त्या अपघातानंतर पेटल्या, पार्सलमुळे नव्हे. ती जबाबदारी आम्ही पार्सलवर ढकलत नाही. पण सिंदखेडराजाला बस दरवाज्याच्या बाजूवर उलटली आणि २५ माणसं गेली. दार खाली दबलंय, काच फोडायला हातोडी सापडत नाही, अशा वेळी हातात असतात ती एक-दोन मिनिटं. डिकीतला थिनर ही मिनिटं खातो. गाडीच्या टाकीत डिझेल असणारच, ते टाळता येत नाही. डिकीतला माल टाळता येतो.

दुचाकीकडे वळू. कॉलेज संपलं, नोकरी बदलली की बाइक ट्रॅव्हल्सने गावी पाठवायची, हे आता सर्रास झालंय. डिकीची उंची कमी म्हणून ती तिरकी किंवा चक्क आडवी घातली जाते. टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक छिद्र असतं. बाइक आडवी झाली की तिथून पेट्रोल ठिबकतं. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर फ्लोट बाउलच्या ओव्हरफ्लो नळीतूनही येतं. मग म्हणतात, ‘टाकी रिकामी केली आहे.’ कॉक बंद करून किंवा नळीने काढून घेतलेल्या टाकीत तळाला पावशेर-अर्धा लिटर उरतंच, आणि रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त बेभरवशाची. रेल्वे पार्सलला टाकी रिकामी करून घेते, पण तिथे गाडी उभी बांधली जाते आणि मालडब्यात किंवा ब्रेकव्हॅनमध्ये जाते, झोपलेल्या चाळीस माणसांच्या खाली नाही. तेव्हा बाइक मालवाहू टेम्पोनेच पाठवायला सांगा. तिथेही टाकी उपसून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून, थंड झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवून, उभी बांधून.

मोबाइलचं पार्सल तर कोणालाच धोक्याचं वाटत नाही. २४ ऑक्टोबर २०२५ ला कुर्नूलजवळ हैदराबाद-बंगळूरु स्लीपर बस पेटली. रस्त्यावर पडलेली दुचाकी बसखाली अडकून घासत गेली, सुरुवात तिथून झाली. पण सामानकक्षात २३४ स्मार्टफोनचं पार्सल होतं आणि त्यांच्या बॅटऱ्यांनी आग भडकवली, असं न्यायवैद्यक तपासणीतून पुढे आल्याचं तेव्हा प्रसिद्ध झालं. बसमधले १९ प्रवासी गेले. हिशोब बघा : आजच्या एका फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची. २३४ फोन म्हणजे साडेचार हजार वॉट-तासांच्या जवळपास. एका मोठ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या अख्ख्या बॅटरीच्या तोडीची ऊर्जा एका पार्सलात. लिथियम सेल तापला, चेपला किंवा आत शॉर्ट झाला की तो स्वतःच तापत जातो, ज्वलनशील आणि विषारी वायू सोडतो आणि शेजारच्या सेलला पेटवतो. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबते, पण सेल थंड होत नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा पेटतात. त्याला पाणी लागतं, तेही बादल्यांनी नव्हे, अग्निशमन दलाच्या बंबाने. विमानाने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवायच्या तर ३० टक्क्यांहून जास्त चार्ज चालत नाही. आपल्याकडे पूर्ण चार्ज केलेली, फुगलेली, दुरुस्तीला निघालेली स्कूटरची बॅटरी गोणपाटात गुंडाळून डिकीत जाते. प्रवाशाच्या खिशातला फोन आणि एखादी पॉवर बँक याला हरकत नाही. ती माणसाजवळ, सीटवर असू द्या. गरम झाली तर लगेच कळतं. डिकीत ठेवलेल्या बॅगेत नको.

डिओ आणि स्प्रेच्या डब्यांत ढकलणारा वायू म्हणून बहुधा एलपीजीच असतो, आणि डब्यावरच लिहिलेलं असतं की ५० अंशांवर तापवू नका. परफ्यूम आणि सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः अल्कोहोल, फ्लॅश पॉइंट विशीच्या आतबाहेर. चपला आणि सोफ्याचं रबरी सोल्युशन हे थिनरचंच भावंड. पॉलिशवाले मिस्त्री जवसाच्या तेलाचे बोळे पिशवीत कोंबून नेतात, ते काडी न लावताही आतल्या आत तापून पेटू शकतात. फटाक्यांबद्दल वेगळं काय सांगायचं.

याउलट काही वस्तूंना उगाच घाबरू नका. भिंतींना देतात तो इमल्शन रंग पाण्यातला असतो, पेटत नाही. पांढरा गोंदही तसाच. ड्रायव्हर मंडळी ज्याला ‘युरिया’ म्हणतात ते डीईएफ (डिझेल गाडीचा धूर कमी विषारी करायला वापरतात ते) म्हणजे पाणी आणि ३२.५ टक्के युरिया. ते पेटत नाही. फक्त त्याच्या जुन्या कॅनमध्ये डिझेल भरून ठेवू नका. अनेक गाड्यांत नेमकं तेच सापडतं.

बुकिंगच्या खिडकीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तीस लिटरपर्यंत कायद्यानं चालतं.’ हे पेट्रोलियम अ‍ॅक्ट, १९३४ च्या कलम ८ चं अर्धवट वाचन आहे. त्या कलमात २३ अंशांहून कमी फ्लॅश पॉइंटच्या, म्हणजे ‘अ’ वर्गाच्या पेट्रोलियमला एकूण ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, हे खरं. पण माल विक्रीसाठी नसेल तरच. आणि भांडं घट्ट बुचाचं हवं : काच किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लास्टिकच्या कॅनचं त्यात नाव नाही. दुकानदाराने दुकानदाराला पाठवलेलं थिनर विक्रीचंच असतं, म्हणजे सवलत तिथेच संपली. शिवाय परवाना लागत नाही म्हणजे प्रवाशांच्या सीटखाली ठेवायला मुभा मिळाली, असा अर्थ कुठूनही निघत नाही. धोकादायक माल वाहायचा तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२९ ते १३७ या नियमांप्रमाणे गाडीवर खुणा, ड्रायव्हरजवळ मालाची लेखी माहिती आणि ड्रायव्हरचं खास प्रशिक्षण लागतं. तुमच्या गाडीत यातलं काय आहे?

हे टाळायची जागा एकच, बुकिंगची खिडकी. एकदा माल डिकीत गेला की तो शोधणार कोण? तेव्हा पार्सल घेणाऱ्या मुलाला दहा मिनिटं बसवून एवढं शिकवा. प्रत्येक खोक्याच्या चारही बाजू फिरवून बघायच्या. चौकोन टोकावर उभा केलेला, त्यात ज्वाळेचं चित्र, असं काही दिसलं की घ्यायचं नाही. पट्ट्यापट्ट्यांच्या चौकोनात बॅटरीचं चित्र असेल तरी नाही. इंग्रजीत यू-एन ही अक्षरं आणि पुढे चार आकडे असतील तर भिंतीवरच्या यादीशी ताडायचे : १२६३ म्हणजे रंग आणि थिनर, १२०३ पेट्रोल, १२९४ टोल्युइन, १०९० अ‍ॅसिटोन, ११३३ चिकटवणारी सोल्युशन, १२६६ परफ्यूम, ११७० अल्कोहोल, १९५० स्प्रेचे डबे, ३४८० आणि ३४८१ लिथियम-आयन बॅटऱ्या. हे आकडे हाताएवढे मोठे लिहून लावा. खुणा नसलेलं खोकं आलं तर हलवून बघायचं. आत द्रव आपटल्याचा आवाज आला की उघडायला लावायचं. पाठवणारा उघडायला नकार देत असेल तर चर्चा संपली. पावतीवर ‘हार्डवेअर’, ‘पार्ट’, ‘घरगुती सामान’ असले शब्द बंद. वस्तूचं नाव, पाठवणाऱ्याची सही आणि मोबाइल नंबर. सही मागितली की निम्मे लोक आपोआप डबा उचलून घेऊन जातात.

गिऱ्हाईक तुटेल, ही तुमची भीती खोटी नाही. शेजारचा एजंट घेतोच, हेही खरं. म्हणूनच हे पत्र एका मालकाला न लिहिता सगळ्यांना लिहिलंय. एका थांब्यावरच्या सगळ्या खिडक्यांनी एकाच दिवशी बंद केलं तर माल बिल्टी फाडून ट्रान्सपोर्टच्या ट्रकने जाईल, एक-दोन दिवस उशिरा पोचेल, इतकंच होईल.

आता गाडीतल्या स्वतःच्या सामानाचं. डिझेलचा राखीव कॅन काढून टाका. महामार्गावर पंपांची वानवा नाही. गाडी पुसायला पेट्रोलचा बोळा नको. यात्रेच्या गाड्यांत आचारी, शेगडी आणि सिलिंडर असा सगळा संसार चढतो. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईला उभ्या असलेल्या रेल्वेच्या यात्रा डब्यात असाच चोरून आणलेला सिलिंडर होता, त्याने आग लागली. नऊ जण गेले. भांडी बसमध्ये, गॅस मुक्कामाच्या गावात विकत किंवा भाड्याने, असं आयोजकाला आधीच सांगा. आणि डिकीचा दिवा : दारातलं स्विच काढून बंदिस्त एलईडी दिवा लावा, त्याचं बटण ड्रायव्हरच्या केबिनमध्ये घ्या, वायरी नळीतून न्या, जमिनीतली भोकं आगरोधक सीलंटने बुजवा. एका दिवसाचं काम आहे.

एवढं करूनही वाटेत रंगासारखा किंवा पेट्रोलसारखा वास आला तर पुढच्या ढाब्यापर्यंत रेटू नका. तिथे भट्ट्या पेटलेल्या असतात. मोकळ्या जागी कडेला घ्या, इंजिन बंद, प्रवासी पुढच्या दाराने खाली, वारा ज्या दिशेकडून येतोय त्या बाजूला किमान ५० मीटर लांब. सामान घ्यायला कोणालाही परत सोडू नका. ११२ ला फोन. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लाही. धूर नसेल, नुसता वास असेल, तर केबिनमधून डिकीच्या दिव्याचा फ्यूज काढा आणि मगच दोन्ही बाजूंची दारं उघडून बाजूला व्हा. पंधरा-वीस मिनिटं वारा खेळू द्या. धूर येत असेल तर दार सताड उघडू नका, हवा मिळाली की ज्वाळा अंगावर येते. चार बोटांची फट करून सिलिंडरची पावडर आत सोडा, एका सिलिंडरने दबली नाही तर गाडी सोडून लांब व्हा. गाडीचा विमा असतो.

भरारी पथकांना एकच विनंती. रात्री नाक्यावर तुम्ही परमिट, फिटनेस, लायसन्स बघता, हातोड्या आणि संकटकालीन दार बघता. त्याच थांब्यात डिकीची दोन्ही दारं उघडून पाच मिनिटं वास घ्या, आडवी दुचाकी आहे का बघा, पावत्यांवरचे शब्द वाचा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि मे महिना, निदान एवढ्या काळात तरी हे रोज करा. सापडलेला माल नाक्यावरच उतरवून ठेवा. दंड भरून तोच डबा त्याच डिकीतून पुढे गेला तर तपासणीचा उपयोग काय?

कळावे,
वाहनदुरुस्ती आणि अग्निसुरक्षा क्षेत्रात काम करणारे आम्ही काही जण